डाव्या गालावरचा तीळ

बॅनरवरच्या माणसानं बाहेर बघायचं नाही, हा सदानंद तोडकरच्या धंद्यातला पहिला नियम. मधोमध साहेबांचा मोठा फोटो, दोन्ही बाजूंना कार्यकर्त्यांची रांग आणि रांगेतल्या प्रत्येकाची नजर साहेबांकडं. एखाद्याचा फोटो भलतीकडं बघणारा आला, तर तो आरशासारखा फिरवायचा. एक बटण दाबलं की डाव्याचं उजवं होतं आणि माणूस सुतासारखा सरळ येतो. हे त्याला गफूरभाई पेंटरनी शिकवलं. गफूरभाईंची हयात ब्रशात गेली, म्हातारपणी ते कॉम्प्युटरवर बसले, पण नियम त्यांनी ब्रशाच्या काळातलेच ठेवले. "बाहेर बघणारा पाव्हणा चहा न पिताच निघतो," ते म्हणायचे. "आत बघणारा जेवून जातो."

विट्याच्या बसस्थानकामागं सदानंदचं दुकान होतं. प्लास्टिकच्या फ्लेक्सवर बंदी येऊन बारा वर्षं झाली होती. आता बॅनर कापडावर छापायचे, नाहीतर चौकातल्या पडद्यांवर चढवायचे. गणवेश बदलला तरी पोलीस तोच, तसं त्याचं काम मात्र तेच राहिलं होतं. आणि त्या कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, निदान फोटोला पाकीट घालण्यात तरी नव्हता.

हे पाकीट म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. कॉम्प्युटरवर काढलेली रेघ ही गणितातली रेघ असते. तिचं टोक ओढलं की ती हवी तशी वळते. फोटोचं तसं नाही. फोटो म्हणजे नुसते ठिपके, लाखोंनी. ठिपक्यांना ओढायचं कुठं धरून? म्हणून फोटोभोवती एक बंद रेघ घालतात, तेच पाकीट. त्या रेघेवर जागोजागी गाठी असतात. गाठ ओढली की पाकिटाचा आकार बदलतो आणि आतला प्रत्येक ठिपका आपल्या अंतराच्या प्रमाणात मागोमाग सरकतो. पातळ पिशवीत भिजवलेली कणीक भरून पिशवी दाबावी, तसं. अशानं चौकोनी फोटो कमळाच्या पाकळीत बसतो, फडकत्या झेंड्यावर लाटा घेतो. पाकीट काढून टाकलं की ठिपके मुकाट्यानं आपापल्या जागी परत येतात. "आम्ही सगळे पाकीटमार," असं सदानंद गिऱ्हाइकांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

अलीकडं मात्र तो फारसा हसत नसे.

त्या मंगळवारी सकाळी त्याची बहीण दुकानात आली. सदानंदपेक्षा ती आठ वर्षांनी मोठी. सगळी गल्ली तिला आक्काच म्हणायची. पिशवीतून तिनं एक घडी काढली आणि टेबलावर उलगडली. सतरा वर्षांपूर्वीचा लहानसा बॅनर होता, घडीवर चिरत चिरत दोन तुकडे झालेला. 'चि. शर्वरी हिच्या पाचव्या वाढदिवसानिमित्त'. मधे शर्वरीचे आजोबा, शेजारी कमळाच्या पाकळीत शर्वरी, आजोबांकडं बघून हसणारी.

"फाटला बघ," आक्का म्हणाली. "पुन्हा छापून दे. हाय तसा. येत्या सोमवारी बावीस लागत्यात तिला."

"शोधकेंद्राचा नवा फोटो येईल की सोमवारी."

"तो येऊ दे. तो त्यांचा फोटो. मला माझी पोरगी पायजे."

बॅनर लावल्यानंतर तीन महिन्यांनी शर्वरी हरवली होती. आक्काचा नवरा केरळात सोनं गाळायच्या कामावर होता, विट्याकडची निम्मी माणसं असतात तसा. त्याच्याकडं निघालेली आक्का मिरज स्टेशनवर पोरीला ट्रंकेवर बसवून बाटली भरायला नळावर गेली. फलाटावर एक गाडी येऊन गेली. परत आली तेव्हा ट्रंक होती, पोरगी नव्हती. एवढंच. नवरा दोन वर्षं वेड्यासारखा हिंडला, मग केरळात गेला तो तिकडचाच झाला. आक्का विट्यात राहिली, कारण शर्वरीला पाठ होतं ते गाव हेच होतं.

घरात पोरीचा म्हणावा असा फोटो नव्हता. मोबाइल जुना झाला म्हणून देऊन टाकलेला. लग्नाकार्यातल्या घोळक्यात ती तिळाएवढी दिसायची. धड चेहऱ्याचा फोटो एकच, सदानंदनं बॅनरसाठी दुकानात काढलेला. तोही बॅनरच्या फाइलीतच उरला होता.

आठ वर्षांपूर्वी पुण्यात हरवलेल्या माणसांसाठी शोधकेंद्र उभं राहिलं. तिथल्या यंत्राबद्दल सदानंदनं वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा त्याची छाती फुगली होती. कारण ते यंत्र म्हणजे पाकीटच होतं! शास्त्रज्ञांनी काय शोधलं होतं, तर माणसाचा चेहरा वाढतो म्हणजे त्याच्याभोवतीच्या अदृश्य पाकिटाच्या गाठी वर्षानुवर्षं सरकतात. जबडा खाली येतो, नाकाचा दांडा वर निघतो, गालाची हाडं बाहेर येतात. कोणती गाठ कोणत्या वयात किती सरकणार, हे बरंचसं आईबापांकडून आलेलं असतं आणि आईच्या लाळेच्या थेंबात वाचता येतं. मग लहानपणीचा एक फोटो घ्यायचा, त्याला पाकीट घालायचं आणि गाठी हव्या त्या वयापर्यंत ओढायच्या. हरवलेलं पोर आज कसं दिसत असेल ते समोर येतं.

यंत्राची खरी ताकद आणखी एका गोष्टीत होती. कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंना सारखा नसतो. एक भुवई जराशी वर, एक नाकपुडी जराशी रुंद. हा डाव्या-उजव्याचा फरक जन्मभर टिकतो, आणि दोन बहिणी दिसायला सारख्या असल्या तरी तो वेगळा असतो. यंत्र ओळख पटवायचं ते मुख्यतः ह्या फरकावरून. जुळणी चाळीस टक्क्यांच्या वर गेली, तरच पुढची लाळेची तपासणी. दावे हजारोंनी येत, सगळ्यांची लाळ तपासायला केंद्राला सात जन्म पुरले नसते.

सदानंदनं सगळं मन लावून केलं होतं. बॅनरच्या फाइलीतून शर्वरीचा फोटो चेहऱ्यापुरता सुटा केला, पाकळीचं पाकीट काढलं, उजळपणा उतरवला, गालावरची लाली पुसली. केंद्राच्या अर्जात प्रश्न होता, 'छायाचित्र मूळ स्वरूपात आहे का?' त्यानं अभिमानानं 'होय'वर खूण केली.

पहिल्या वर्षीचं चित्र आलं तेव्हा आक्कानं ते हातात धरलं, लांब केलं, जवळ घेतलं.

"तीळ ह्या बाजूला न्हाई," ती म्हणाली. "डाव्या गालावर हाय तिच्या."

"बरोबर आहे की." सदानंद हसला होता. "तुझ्या डाव्या हाताला दिसतोय ना? समोरच्या माणसाचं उलटं असतं, आक्का. तुझं डावं ते तिचं उजवं. तू आयुष्यभर समोरून बघितलंस, म्हणून तुला डावा वाटतो."

दरवर्षी चित्र यायचं, दरवर्षी ती एकदा म्हणायची, आणि दरवर्षी सदानंद तिला डावं-उजवं समजावून सांगायचा. पुढं तिनं म्हणायचं सोडून दिलं. शिकलेल्या भावापुढं किती बोलणार?

मंगळवारी आक्का गेल्यावर त्यानं जुनी फाइल उघडली. नवीन छपाईला जुने रंग चालत नव्हते, म्हणून एकेक तुकडा सुटा करावा लागणार होता. आजोबा बाजूला घेतले. पाकळी सोडवली. शर्वरीच्या फ्रॉकवर एक गुलाबाचं फूल चिकटवलेलं होतं, छातीपाशी. हे कशाला लावलं होतं बरं आपण? त्यानं फूल धरून बाजूला सरकवलं.

खाली फ्रॉकचा खिसा होता. खिशावर आक्कानं लाल दोऱ्यानं 'श' भरला होता.

'श' उलटा होता.

आक्कानं चुकीचा भरला, असं आधी त्याच्या मनात आलं. हातभर टाका सरळ घालणारी आक्का, आणि अक्षर उलटं भरेल? मग त्याला आठवलं. पोरगी फोटोत बाहेर बघत होती, म्हणून फिरवली. फिरवल्यावर अक्षर उलटं झालं, ते वाईट दिसायला लागलं, म्हणून वर गुलाब डकवला. दोन मिनिटांचं काम. नियमच होता तो. पाकीट काढलं की ठिपके परत जागेवर येतात, पण फिरवलेल्या फोटोवर कसलाच माग राहत नाही. तो फिरवलेला आहे हे फोटोला ठाऊक नसतं, आणि सदानंदसारख्या माणसाच्या ते ध्यानातही राहत नाही. रोज पन्नास माणसं फिरवणारा कुणाकुणाची आठवण ठेवील?

त्यानं बटण दाबलं. 'श' सरळ झाला. तीळ शर्वरीच्या डाव्या गालावर गेला.

तो तीळ त्यानं पाहिला होता. तीन वर्षांपूर्वी, ह्याच दुकानात.

त्याआधी दोन मुली शर्वरी म्हणून येऊन गेल्या होत्या, दोघीही खोट्या. दुसरी खोटी निघाली तेव्हा आक्का चार दिवस अन्नाला शिवली नाही. तेव्हापासून सदानंदनं ठरवलं होतं, यंत्र हो म्हणेपर्यंत आक्काच्या कानावर काही घालायचं नाही.

तिसरी आली ती दुपारची. एकोणीस-वीस वर्षांची, सावळी, हातात कापडी पिशवी. नाव गंगा म्हणाली. हुबळीच्या एका आश्रमात वाढलेली. मराठी तुटकं.

"केंद्राचे यादीत फोटो बघितलं मी," ती म्हणाली होती. "लहान मुलीचं. आरशात बघतो तसं वाटलं मला. तुम्ही मामा का?"

"आधी तपासणी होऊ द्या," तो म्हणाला होता. मामा म्हणणाऱ्या मागच्या दोघींनी त्याला शहाणं केलं होतं.

"मला थोडं थोडं आठवतं. स्टूल. स्टूलवर उभी केली मला. कोणीतरी असं केलं." तिनं चुटकी वाजवली.

सदानंद आजही लहान मुलांचे फोटो चुटकी वाजवूनच काढायचा. पण चुटकी कोण वाजवत नाही? त्यानं तिचा फोटो काढून केंद्राला पाठवला. आठ मिनिटांत उत्तर आलं, अकरा टक्के. त्यानं पडदा तिच्याकडं वळवला आणि मास्तराच्या थाटात दाखवलं, "हे बघा. आमच्या शर्वरीचा तीळ उजव्या गालावर आहे. तुमचा डाव्या. तीळ काय जागा सोडून हिंडत नाही."

तिनं आपल्या गालाला हात लावला. पडद्यावरच्या पोरीकडं बराच वेळ बघितलं.

"मग मी ती नसेन," ती म्हणाली.

पिशवी उचलून गेली. एवढ्या लांबून आलेली पोर, त्यानं चहासुद्धा विचारला नव्हता.

"फॉर्मवर तुम्ही 'मूळ' अशी खूण केली होती." त्या मंगळवारीच त्यानं फोन लावला, तेव्हा शोधकेंद्रातल्या भाग्यश्री पत्की शांतपणे म्हणाल्या. तो शांतपणाच त्याला झोंबला.

"केली होती, मॅडम."

"आणि फोटो फिरवलेला होता?"

"मॅडम, आमच्यात त्याला बदल म्हणत नाहीत." आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. "रंग तोच, नाक तेच. फिरवणं म्हणजे... ते आम्ही सगळ्यांचंच करतो."

पलीकडं कळफलकाचा आवाज झाला. "सरळ फोटो पाठवा. जुने दावे आम्ही पाच वर्षं ठेवतो."

त्यानं पाठवला. ह्या वेळेला सहा मिनिटं लागली. पडद्यावर नाव उमटलं, गंगा, आणि त्यापुढं चौऱ्याण्णव.

"आता लाळेची तपासणी," पत्की म्हणाल्या. "पण ती सज्ञान आहे. तिची संमती लागेल. आम्ही कळवतो. घरच्यांना आत्ताच काही सांगू नका."

ही सूचना त्याला देवानं धाडल्यासारखी वाटली. पाच दिवस तो तिच्याआड लपला. रोज सकाळी आक्काकडं चक्कर मारायचा, आणि आक्का विचारायची, "झालं का रं?" तो म्हणायचा, "रंग जमत नाहीत." आक्काला आता सांगितलं आणि पोरगी आली नाही, तर? आणि आली, तर काय सांगायचं? की ती आधी येऊन गेली, तुझ्या घरापासून तीन गल्ल्यांवरून गेली, आणि मी तिला वाटेला लावलं? दोन्हींकडून मरण त्याचंच होतं. ह्या पाच दिवसांत एका मंडळाचा बॅनर आला. रांगेतला शेवटचा कार्यकर्ता बाहेर बघत होता. सदानंदचं बोट बटणावर गेलं, तसंच मागं आलं. बॅनर तसाच छापून गेला आणि मंडळाच्या अध्यक्षांनी फोनवर शिव्या घातल्या.

सोमवारी सकाळी केंद्राचं पत्र आलं. लाळ देण्यास नकार. भेटीस नकार. नियमाप्रमाणं संबंधित व्यक्तीला एक निरोप देता येतो, तो खाली जोडला होता. कुणीतरी नीट मराठी करून दिलेला असावा:

'तीन वर्षांपूर्वी मामांनी सगळं तपासून मला सांगितलं की ती तू नव्हेस. मला ते मानायला एक वर्ष लागलं. आता माझं लग्न झालं आहे. मी गंगा आहे. मला पुन्हा जुळवून बघू नका.'

त्यानं पत्राची घडी खिशात घातली आणि दुकानाला कुलूप लावलं.

आक्का ओट्यावर बसून सुपात गहू पाखडत होती. वाढदिवस म्हणून तिनं शिरा केला होता. तो दर वर्षी करायची आणि गल्लीतल्या पोरांना वाटायची. सदानंद पायरीवर बसला. कुठून सुरुवात करावी हे त्याला कळेना, म्हणून त्यानं शेवटापासून केली. मग गुलाब सांगितला. मग चुटकी. मग चहा. सांगताना तो रडत होता, आणि आपण रडावं हेही त्याला बरं वाटत नव्हतं.

आक्कानं सूप खाली ठेवलं होतं.

"मी समोरून कुठं बघत होते रं?" ती शेवटी म्हणाली. "वेणी मागनं घालत्यात. रोज दोन वेण्या घालायची मी तिच्या. डावीकडचं केस कानामागं सारलं की दिसायचा. माझं डावं ते तिचं डावंच." तिनं आपला डावा हात वर केला आणि हवेतच केस सारल्यासारखं केलं. "किती वर्षं सांगितलं तुला."

"चुकलं, आक्का."

"कशी दिसत होती?"

"तुझ्यासारखी." त्या दिवशी हे त्याला दिसलं नव्हतं. आत्ता म्हणताना दिसलं.

"जेवून आली होती का?"

"विचारलं नाही."

आक्कानं पदर तोंडाला लावला. रस्त्यानं एक दूधवाला गेला, त्यानं हाक मारली, तिनं ओ दिली नाही.

"जाऊ या आपण हुबळीला," सदानंद म्हणाला. "मी पाय धरीन तिचे. लांबून का होईना, बघशील तरी."

"नको." आक्काचा आवाज कोरडा झाला होता. "ती इतक्या वर्षांत काय बी इसरली असंल, पर मामा इसरली न्हवती. मामाच्या दुकानात आली ती. आईकडं न्हाई, मामाकडं. तू न्हाई म्हणालास, म्हणून तिनं ऐकलं. दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर ती भांडली असती." ती थांबली. "आता ती न्हाई म्हणतीया. मी ऐकती."

सदानंदचा सारा जन्म माणसांना वळवण्यात गेला होता. ह्या एका माणसाला परत वळवायचं बटण त्याच्याकडं नव्हतं.

"बॅनर झाला का?"

"तयार आहे. छापायचा राहिलाय."

"कुणीकडं बघती त्यात?"

"आजोबांकडं. तू म्हणालीस, आहे तसा..."

"फिरव," आक्का म्हणाली. "माझ्या पोरीला जिकडं बघायचं होतं तिकडं बघू दे. आणि ते फूल काढ."

त्यानं तसा छापला. दुपारी आणून दारावर बांधला, आक्कानं खालून दोरी धरली. सरळ 'श' लाल दोऱ्याचा स्पष्ट दिसत होता, तीळ डाव्या गालावर होता, आणि शर्वरी आजोबांकडं पाठ करून बॅनरच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडं कुठंतरी बघून हसत होती. सदानंदला आठवलं, दुकानाचं दार त्या बाजूला होतं. त्या दिवशी आक्का दारात उभी होती, आणि पोरगी चुटकीकडं न बघता आईकडं बघत होती.

त्यानं हे आक्काला सांगितलं नाही. आक्कानं शिऱ्याची ताटली त्याच्यापुढं सरकवली आणि ती आत निघून गेली. तो शिरा न खाता उठला.